'कॅट पीपल' (१९४२) : बस सगळ्यांनी उचलली, तिच्याआधीची पावले राहून गेली

कृष्णधवल

भयपटांविषयी बोलताना 'प्रेक्षक किती वेळा दचकला' हाच निकष हल्ली सर्वांत आधी पुढे येतो. एखादे पात्र अंधाऱ्या वाटेने चालले आहे, संगीत थांबले आहे, आणि एकाएकी पडद्याच्या कडेने मोठा आवाज करत काहीतरी आत घुसते. पाहावे तर ती साधी मांजर असते किंवा पाठीमागून आलेल्या मित्राचा हात असतो. या युक्तीला चित्रपटसृष्टीत 'ल्यूटन बस' असे नाव आहे आणि ते १९४२ सालच्या 'कॅट पीपल' या अवघ्या ७३ मिनिटांच्या कृष्णधवल चित्रपटातल्या एका प्रसंगावरून पडलेले आहे. या चित्रपटाचा प्रभाव सर्वमान्य आहे. मात्र त्याच्या वारसदारांनी त्यातला सर्वांत सोपा भाग तेवढा उचलला आणि जो भाग खरोखर भीती निर्माण करतो तो फार थोड्यांनी अभ्यासला, असे माझे मत आहे आणि त्यासाठीच हा धागा काढला आहे. पुढे कथेचा शेवटही येणार आहे, तेव्हा ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी आधी तो पाहावा आणि मग इथे यावे, अशी विनंती.

आरकेओ स्टुडिओ तेव्हा आर्थिक विवंचनेत होता. ऑर्सन वेल्स यांच्या 'सिटिझन केन' आणि 'द मॅग्निफिसंट अँबरसन्स' या चित्रपटांनी स्टुडिओला पैसा मिळवून दिला नव्हता, तर युनिव्हर्सल स्टुडिओ ड्रॅक्युला, फ्रँकेन्स्टाइन आणि लांडगा होणारा माणूस यांच्या जिवावर उत्तम धंदा करत होता. निर्मितीप्रमुख चार्ल्स कर्नर यांनी स्वस्तातले भयपट काढण्यासाठी एक स्वतंत्र विभाग उघडला आणि तो व्हॅल ल्यूटन यांच्या हाती दिला. ल्यूटन यांचा जन्म १९०४ सालचा, याल्टाचा. अमेरिकेत आल्यावर त्यांनी कादंबऱ्या लिहिल्या होत्या आणि डेव्हिड सेल्झनिक यांच्याकडे कथाविभाग सांभाळला होता. त्यांना घातलेल्या अटी तीन होत्या : चित्रपटाचे नाव स्टुडिओ ठरवेल, खर्च दीड लाख डॉलरच्या आत राहील आणि लांबी ७५ मिनिटांच्या पुढे जाणार नाही. 'कॅट पीपल' हे नाव असेच वरून आलेले होते. त्या नावाखाली काय सांगायचे याचे स्वातंत्र्य मात्र ल्यूटन यांच्याकडे राहिले, आणि त्या स्वातंत्र्याचे त्यांनी जे केले ते थक्क करणारे आहे.

पटकथा डीविट बोदीन यांची, दिग्दर्शन जाक तूर्नर यांचे, छायाचित्रण निकोलस मुसुराका यांचे, संकलन मार्क रॉबसन यांचे. सर्बियातून न्यूयॉर्कला आलेली इरेना दुब्रोव्हना ही फॅशनची रेखाटने करणारी तरुणी प्राणिसंग्रहालयात काळ्या बिबट्याच्या पिंजऱ्यासमोर चित्र काढत उभी असते, तिथे जहाजांचे आराखडे काढणाऱ्या ऑलिव्हर रीडशी तिची ओळख होते. तिच्या गावची दंतकथा अशी की मामलुकांच्या जाचाखाली तिथले लोक सैतानाच्या नादी लागले, राजा जॉनने त्यांतल्या अनेकांना मारले, पण त्यांच्यातले सर्वांत चतुर आणि सर्वांत दुष्ट डोंगरांत पळून गेले. त्यांच्या वंशातल्या स्त्रिया वासना, मत्सर किंवा क्रोध अनावर झाला की हिंस्र मार्जारकुळातले श्वापद होतात. आपण त्यांच्यापैकीच आहोत, अशी इरेनाची खात्री आहे. ती लग्न करते, पण नवऱ्याला जवळ येऊ देत नाही. नवरा आधी समजून घेतो, मग तिला मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर जड यांच्याकडे पाठवतो आणि त्याच सुमारास आपले दुःख कार्यालयातल्या ॲलिसपाशी मोकळे करू लागतो.

आता तो प्रसिद्ध प्रसंग. ऑलिव्हर आणि ॲलिस एका उपाहारगृहात बसलेले इरेनाने पाहिले आहेत. दोघे निरोप घेतात आणि ॲलिस सेंट्रल पार्कमधून जाणाऱ्या खालच्या रस्त्याने एकटी घरी निघते. एका बाजूला दगडी भिंत, ठरावीक अंतरावर दिव्याचे खांब, प्रत्येक खांबाखाली उजेडाचे एक वर्तुळ आणि दोन वर्तुळांच्या मध्ये पूर्ण काळोख. ॲलिस एका वर्तुळातून दुसऱ्यात जाते आणि तिच्यामागून इरेना त्याच वर्तुळांतून येते. संगीत अजिबात नाही. ऐकू येतात त्या केवळ दोन स्त्रियांच्या टाचा. ॲलिसची पावले सावकाश, इरेनाची थोडी भराभर. संकलक एकदा या पायांवर जातो, एकदा त्या पायांवर. या येरझारीची कानाला सवय होत आलेली असतानाच इरेनाची पावले थांबतात. पडद्यावर नुसता रिकामा रस्ता राहतो. ॲलिसच्याही ते लक्षात येते, ती मागे वळून बघते, मागे कोणीच नसते. ती पुन्हा चालू लागते, मग जवळजवळ धावते, एका खांबाला बिलगून उभी राहते, आणि तेवढ्यात श्वापदाच्या फिस्कारण्यासारखा आवाज करत उजव्या बाजूने पडद्यावर आदळते ती बस. आवाज ब्रेकच्या हवेचा असतो. चालक तिला म्हणतो की भूत पाहिल्यासारखा तुमचा चेहरा झाला आहे, आणि ती विचारते, तुम्हीही पाहिलेत का? तिने काहीही पाहिलेले नसते. आपणही नसते.

रॉबसन यांच्या संकलनकौशल्याची ही खूण आहे आणि ल्यूटन यांच्या गटात पुढे अशा प्रत्येक जागेला 'बस' असेच म्हटले जाऊ लागले. तरीही माझा आग्रह असा की बस म्हणजे भीतीचा शेवट आहे. ती आली की ताण सुटतो, प्रेक्षक हसतो, शेजाऱ्याकडे पाहतो. भीती होती ती पावले थांबली त्या क्षणापासून बस येईपर्यंतच्या काही सेकंदांत, जिथे दिग्दर्शकाने काहीच दिले नाही आणि प्रेक्षकाने आपल्याजवळचे सगळे तिथे नेऊन ठेवले. नंतरच्या चित्रपटांनी बसचा आवाज वाढवत नेला आणि त्याआधीचे चालणे आखूड करत नेले. जे खरोखर शिकण्यासारखे होते तेच त्यामुळे गळाले.

प्रसंग बसपाशी संपत नाही, हेही अनेक जण विसरतात. ॲलिस गेल्यावर कॅमेरा उद्यानातच राहतो. तिथे मेंढ्या मरून पडलेल्या आढळतात, चिखलात पंजांचे ठसे दिसतात आणि ते ठसे पुढे जाता जाता उंच टाचेच्या बुटांचे होतात. मग घरी, न्हाणीघरात, इरेना टबात पाठ वाकवून रडत बसलेली दिसते, आणि त्या टबाचे पाय श्वापदाच्या पंजांच्या आकाराचे आहेत. आतापर्यंत आपण ॲलिससाठी घाबरत होतो, आणि इथे एकदम ध्यानात येते की या चित्रपटात सर्वांत जास्त घाबरलेली व्यक्ती इरेनाच आहे. तिला स्वतःचीच भीती वाटते. ज्याची भीती वाटावी त्याच्याविषयीच करुणा वाटायला लावणे, हा या चित्रपटाचा दुसरा वारसा आहे आणि तो पहिल्यापेक्षा मोठा आहे.

उत्तररात्र

उत्तम धागा. चालण्याच्या प्रसंगाविषयी एक भर घालतो. तिथे संगीत नाही ही केवळ काटकसर नव्हे, कारण याच चित्रपटात रॉय वेब यांनी इरेनासाठी अंगाईवर बेतलेली धून वापरली आहे आणि ती तिच्या घरातल्या प्रसंगांत वारंवार येते. म्हणजे कुठे वाजवायचे आणि कुठे गप्प राहायचे हे ठरवूनच केलेले आहे. प्रेक्षकाला धून ऐकू आली की कोणीतरी गोष्ट सांगत आहे याचा दिलासा मिळत असतो. रस्त्यावर तो दिलासाच काढून घेतला आहे.

तरणतलावाचा प्रसंग या दृष्टीने चालण्याच्या प्रसंगापेक्षाही पुढे गेलेला आहे, असे मला वाटते. ॲलिस तळघरातल्या तलावात पोहण्यासाठी एकटी उतरते. जिन्यावर एक सावली सरकते, गुरगुर ऐकू येते, ती घाबरून पाण्यात उडी घेते आणि तलावाच्या मधोमध हातपाय मारत तरंगत राहते. कडेला येण्याची सोय नाही, कारण कोणत्या कडेला काय उभे आहे हे कळत नाही. पाण्यावरून परतलेल्या उजेडाच्या लाटा भिंतींवर आणि छतावर हलत राहतात, आणि त्या हलत्या जाळीत डोळ्यांना हवे ते दिसू लागते. आवाज बंदिस्त जागेत घुमतो, त्यामुळे तो कोणत्या दिशेने येतो हेही सांगता येत नाही. ती किंचाळते, दिवा लागतो, आणि कडेला फरचा कोट घातलेली इरेना शांतपणे उभी असते. त्यानंतर ॲलिसला आपला अंगरखा सापडतो तो चिंध्या झालेला. तलावातली श्वापदाची सावली तूर्नर यांनी दिव्यासमोर स्वतःची मूठ धरून पाडली होती, असे त्यांनीच पुढे मुलाखतीत सांगितले आहे. एका मुठीवर हा प्रसंग उभा राहिला, याबद्दल मला त्या मंडळींविषयी अतोनात आदर वाटतो.

याच गटाचा १९४३ सालचा 'द लेपर्ड मॅन' ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी आवर्जून पाहावा. त्यात आईने पिठासाठी रात्री बाहेर पिटाळलेली मुलगी परत येऊन दार ठोठावते, आई रागाने दार उघडत नाही, बाहेरचा आक्रोश वाढत जातो, मग थांबतो, आणि दाराखालच्या फटीतून रक्त आत वाहत येते. कॅमेरा पूर्ण वेळ दाराच्या आतल्या बाजूला आहे. तिथे बस नाही, सुटकाही नाही. धागाकर्त्यांचे म्हणणे या प्रसंगाने पूर्णपणे सिद्ध होते.

संशयात्मा

लेख आवडला, पण एका मुद्द्यावर मतभेद नोंदवतो. 'काहीच दाखवले नाही' हे या चित्रपटाविषयीचे विधान आता इतके रूढ झाले आहे की ते तपासून पाहण्याची गरज कोणाला वाटत नाही. प्रत्यक्षात काळा बिबट्या दाखवलेला आहे. ऑलिव्हर आणि ॲलिस रात्री उशिरा कार्यालयात अडकतात तेव्हा तो मेजांच्या मधून फिरताना दिसतो, आणि डॉक्टर जड इरेनाचे चुंबन घेतात त्यानंतरच्या झटापटीत ते श्वापदाकडूनच मारले जातात. ती केवळ मनोरुग्ण असती तर डॉक्टरांच्या अंगावर पंजांच्या जखमा कशा आल्या असत्या? 'ती आहे की नाही' ही संदिग्धता फार तर दोन तृतीयांश चित्रपट टिकते. शेवटी चित्रपट स्पष्ट उत्तर देतो की ती आहे. मग याला मानसशास्त्रीय भयपट का म्हणावे? साधा रूपांतराचा चित्रपट, फक्त कमी उजेडात काढलेला, असे का म्हणू नये?

कृष्णधवल

संशयात्मा, आपला आक्षेप रास्त आहे आणि त्यातली वस्तुस्थिती मला मान्य आहे. कार्यालयातल्या प्रसंगात प्रत्यक्ष जनावर दाखवावे हा आग्रह स्टुडिओचा होता. तूर्नर आणि मुसुराका यांनी तो पाळला, पण दिवे असे लावले की ते काळे जनावर काळ्या सावलीत बहुतांशी विरून जावे. त्या प्रसंगाची प्रकाशयोजना पाहण्यासारखी आहे. आराखडे काढण्याची मेजे खालून उजळलेली आहेत, त्यामुळे दोघांच्या चेहऱ्यांवर उजेड खालून येतो आणि खोलीचा उरलेला भाग काळोखात बुडतो. ऑलिव्हरच्या हाती येते ती आराखड्याची टी-पट्टी. ती तो समोर उगारतो, भिंतीवर तिची सावली क्रुसासारखी पडते, आणि देवाच्या नावाने तो इरेनाला विनवतो की आम्हाला सोड. दार वाजते, आणि मागे राहतो तो तिच्या अत्तराचा वास. जो माणूस बायकोच्या बोलण्याला पोरकट समजत आला, तो त्या क्षणी तिच्याच कथेवर विश्वास ठेवून बोलतो आहे.

म्हणूनच मी या चित्रपटाला मानसशास्त्रीय म्हणतो. 'ती श्वापद होते का' याचे उत्तर चित्रपट देतो, हे खरे. परंतु चित्रपटाचा प्रश्न तो नाहीच. एक स्त्री आपल्याला कशाची भीती वाटते हे पहिल्या दिवसापासून स्पष्ट शब्दांत सांगत आहे, आणि तिच्यावर प्रेम करणारा नवरा व तिच्यावर उपचार करणारा डॉक्टर या दोघांनाही ते खरे मानण्याची तसदी घ्यावीशी वाटत नाही. डॉक्टर जड तर तिच्या भीतीला आव्हान म्हणून पाहतात आणि वैद्याची मर्यादा ओलांडतात. इरेनाच्या मृतदेहापाशी ऑलिव्हर जे शेवटचे वाक्य बोलतो ते एवढेच की ती आपल्याशी कधीच खोटे बोलली नव्हती. हे वाक्य केवळ श्वापद खरे होते एवढे सिद्ध करत नाही. त्यात ऑलिव्हरची आणि काही अंशी आपलीही कानउघाडणी आहे.

पैलतीर

याच धाग्याला धरून इरेनाच्या परकेपणाविषयी लिहावेसे वाटते. तिची भूमिका करणाऱ्या सिमोन सिमाँ फ्रेंच होत्या, त्यामुळे तिचे इंग्रजी सतत किंचित बाहेरचे वाटते, आणि चित्रपट याचा फार संयमाने उपयोग करून घेतो. न्यूयॉर्कमध्ये आपल्याला मित्रच नाहीत, असे ती ऑलिव्हरला सांगते. तिच्या खोलीत राजा जॉनची मूर्ती आहे, तलवारीवर मांजर खोचलेली. ती तिच्या गावाची आठवण आहे आणि तिच्यावरचा निवाडाही आहे. लग्नाच्या रात्री सर्बियन उपाहारगृहात सगळे आनंदात असताना एक देखणी, मांजरीसारख्या चेहऱ्याची अनोळखी स्त्री तिच्यापाशी येऊन तिच्याच भाषेत तिला 'बहीण' म्हणते. इरेना क्रूस करते. या भूमिकेतल्या एलिझाबेथ रसेल त्यानंतर चित्रपटात पुन्हा दिसत नाहीत, तरी तो प्रसंग विसरता येत नाही, कारण त्या परक्या शहरात इरेनाला ओळखणारी एकच व्यक्ती भेटते आणि नेमके तेच ओळखते जे तिला लपवायचे आहे.

हा चित्रपट तयार होत असताना सर्बिया जर्मन ताब्यात होता. चित्रपटात युद्धाचा उल्लेख नाही. तरीही १९४२ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या प्रेक्षकाला मागे सोडलेल्या गावात काहीतरी भयंकर आहे आणि ते आपल्याबरोबर इथेही आले आहे, ही भावना समजावून सांगावी लागली नसणार, असे मला वाटते.

प्रभावाविषयी बोलताना सगळे भयपटांचीच नावे घेतात. मला सर्वांत मोठा प्रभाव एका कादंबरीत दिसतो. अर्जेंटिनाचे लेखक मानुएल पुइग यांची 'किस ऑफ द स्पायडर वुमन' (१९७६) सुरू होते तीच मुळी हा चित्रपट सांगण्यापासून. ब्युनोस आयर्सच्या तुरुंगातल्या एका कोठडीत मोलिना नावाचा कैदी आपल्या राजकीय सोबत्याला, व्हॅलेंतीनला, आठवणीतून 'कॅट पीपल' ऐकवतो, स्वतःची भर घालत, कपड्यांचे आणि खोल्यांचे वर्णन करत, आणि व्हॅलेंतीन मधेमधे अडवून मनोविश्लेषणाच्या अंगाने त्याचे अर्थ लावतो. दोघांपैकी कोणाला इरेना जवळची वाटते, हे हळूहळू उलगडत जाते. ज्याच्या इच्छेला समाजाने विकृत ठरवले आहे असा माणूस इरेनाची गोष्ट अशी सांगतो, की ती त्याचीच होऊन जाते. १९८५ साली या कादंबरीवर चित्रपट निघाला तेव्हा मोलिना सांगत असलेला हा चित्रपट त्यातून वगळला गेला आणि कादंबरीतलाच दुसरा, नाझी प्रचारपट ठेवला गेला. त्या रूपांतराचे माझ्या लेखी ते मोठे नुकसान आहे.

सांधा

श्रेय कोणाचे, हा प्रश्न इथे यायलाच हवा. नाव 'ल्यूटन बस' पडले, संकलन रॉबसन यांचे, दिग्दर्शन तूर्नर यांचे. ल्यूटन यांचा स्वभाव असा की ते प्रत्येक पटकथेचा शेवटचा खर्डा स्वतः लिहीत, पण नाव लावत नसत. 'द बॉडी स्नॅचर' आणि 'बेडलम' या दोन चित्रपटांवर त्यांनी कार्लोस कीथ या टोपणनावाने लेखक म्हणून नाव लावले, तेवढाच अपवाद. १९४२ ते १९४६ या काळात त्यांनी आरकेओसाठी नऊ भयपट केले आणि दिग्दर्शक बदलत गेले तरी त्या सगळ्यांना एक समान स्वभाव राहिला. १९५१ साली वयाच्या अवघ्या ४६ व्या वर्षी ते गेले.

पण दिग्दर्शकांची वाटचाल पाहिली तर वारसा कसा पसरला ते अधिक स्पष्ट दिसते. संकलक रॉबसन यांना ल्यूटन यांनी १९४३ मध्ये 'द सेव्हन्थ व्हिक्टिम'चे दिग्दर्शन दिले. त्यात डॉक्टर जड हेच पात्र पुन्हा आहे, आणि शॉवरखाली उभ्या असलेल्या तरुणीला पडद्यापलीकडे उभी असलेली आकृती धमकावते असा एक प्रसंग आहे, जो पाहताना हिचकॉक यांच्या १९६० सालच्या 'सायको'ची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. वेल्स यांचे संकलक रॉबर्ट वाइझ यांना दिग्दर्शनाची पहिली संधी मिळाली ती 'द कर्स ऑफ द कॅट पीपल' (१९४४) मध्ये, आधीचे दिग्दर्शक वेळापत्रकात मागे पडल्यामुळे. त्याच वाइझ यांनी पुढे 'द हाँटिंग' (१९६३) केला. त्यात भूत एकदाही दिसत नाही. एक बंद दार मात्र बाहेरून कोणी रेटावे तसे आत फुगते, आणि भिंतीपलीकडचे धक्के खोलीभोवती फिरत जातात. ल्यूटन यांच्याकडे शिकलेला माणूस वीस वर्षांनंतर मोठ्या स्टुडिओच्या पैशांवरही तीच शिस्त पाळतो आहे.

तूर्नर यांचा अनुभव उलटा. 'नाइट ऑफ द डेमन' (१९५७) मध्ये राक्षस स्पष्ट दाखवायला त्यांचा विरोध होता, निर्मात्याने तो सुरुवातीलाच दाखवला, आणि आजतागायत त्या चित्रपटावरची चर्चा त्या राक्षसाच्या दोन-चार दृश्यांपाशी अडते. ल्यूटन यांच्यासारखा निर्माता पाठीशी असणे म्हणजे काय, हे यावरून कळते. 'कॅट पीपल'च्या चित्रीकरणाच्या सुरुवातीलाच तूर्नर यांना काढून टाकण्याचा घाट एका वरिष्ठाने घातला होता आणि ल्यूटन मध्ये पडले म्हणून ते टिकले, ही गोष्ट चित्रपटाच्या इतिहासात नोंदलेली आहे.

आणखी एक उदाहरण विसरू नये. व्हिन्सेंट मिनेली यांच्या 'द बॅड अँड द ब्यूटिफुल' (१९५२) मध्ये कर्क डग्लस यांनी केलेला निर्माता मांजर-मानवांवरचा स्वस्त चित्रपट काढायला बसतो, भाड्याने आणलेले केविलवाणे पोशाख पाहतो, दिवा मालवतो आणि अंधारावरच भिस्त ठेवायचे ठरवतो. दहाच वर्षांनी हॉलिवूडने आपल्याच पोटातली ही गोष्ट दंतकथा म्हणून पडद्यावर आणली होती.

नवदर्शक

मी पॉल श्रेडर यांचा १९८२ सालचा रंगीत 'कॅट पीपल' आधी पाहिला आणि मूळ चित्रपट नंतर. श्रेडर यांच्या चित्रपटात न्यू ऑर्लिन्स, नास्तास्या किन्स्की, जॉर्जो मोरोडर यांचे संगीत आणि डेव्हिड बोवी यांचे गाणे, असे पुष्कळ काही आहे. तलावाचा प्रसंगही जवळपास तसाच आहे. तरी मूळ चित्रपट जास्त अस्वस्थ का करतो, हे मला नेमके सांगता येत नाही. जाणकारांनी सांगावे.

कृष्णधवल

नवदर्शक, माझ्या मते श्रेडर यांचा चित्रपट वाईट नाही, तो दुसऱ्याच गोष्टीत रस घेतो. त्याला दंतकथा खरी असल्याचे सुरुवातीपासून ठाऊक आहे, म्हणून तो तिचे नियम सांगतो, भाऊ आणतो, रूपांतर उघडपणे दाखवतो. नियम कळले की प्रेक्षक सुरक्षित होतो. १९४२ च्या चित्रपटात इरेनाला स्वतःलाच नियम नीट ठाऊक नाहीत. तिच्याकडे लहानपणी ऐकलेल्या गोष्टी आहेत, एक मूर्ती आहे, आणि पाळीव प्राण्यांच्या दुकानात शिरताच सगळे प्राणी पिसाळल्यासारखे ओरडू लागतात एवढा पुरावा आहे. नवऱ्याने आणलेला पक्षी ती पिंजऱ्यात हात घालून खेळवू पाहते आणि तो भीतीनेच मरतो. ती तो बिबट्याच्या पिंजऱ्यात टाकून येते, आणि आपण असे का केले हे तिला स्वतःलाच उमगत नाही. तो प्रसंग जेमतेम मिनिटभराचा असेल. त्यात तिचे हात, पिंजरा आणि तिच्या चेहऱ्यावर क्षणभर आलेला खेळकरपणा एवढेच आहे. रूपांतराचा कोणताही देखावा तिच्या मनाची अवस्था इतकी उघड करू शकला नसता.

उत्तररात्र आणि सांधा यांच्या भरीमुळे मूळ मुद्दा अधिक नेमका मांडता येतो. 'न दाखवणे' हेच तत्त्व म्हणून उचलले तर तेही बसइतकेच पोकळ होऊ शकते. हल्लीच्या कित्येक चित्रपटांत पडदाभर काळोख असतो, आणि त्यात काय दडले असेल याची आपल्याला फिकीर नसते, कारण त्या काळोखात उभ्या असलेल्या माणसाविषयीच काही वाटत नाही. ल्यूटन यांच्या गटाने आधी माणसे उभी केली. ॲलिस सवतीच्या ठशातली स्त्री नाही. ती समंजस, विनोदी, मनाने सरळ आहे, म्हणून तिच्या पावलांचा आवाज ऐकताना आपण तिच्या बाजूने असतो. आणि मागून येणाऱ्या पावलांच्याही बाजूने आपण असतो, कारण ती पावले कोणत्या दुःखातून उचलली गेली हे आपण आधीच्या अर्ध्या तासात पाहिलेले असते. दोन्हीकडे जीव अडकल्यामुळे मधला तो रिकामा रस्ता असह्य होतो.

संशयात्मा

हे मात्र पटले. दाखवले की नाही दाखवले या वादात मी पडलो होतो, पण ॲलिस आणि इरेना दोघींविषयी एकाच वेळी काळजी वाटते हा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता. 'मानसशास्त्रीय' या विशेषणावरचा माझा आक्षेप मागे घेतो. जडच्या मृत्यूच्या प्रसंगाविषयीचा आक्षेप मात्र कायम ठेवतो. ती झटापट भिंतीवरच्या सावल्यांत दाखवली असली तरी तिथे चित्रपट आपली अंतर्मुखता सोडून नेहमीच्या शिक्षेच्या चाकोरीत जातो, असे मला वाटते. वैद्याने मर्यादा ओलांडली आणि त्याला श्वापदाने फाडले, हा हिशेब जरा जास्तच सरळ आहे.

पैलतीर

त्या प्रसंगातही एक गोष्ट पाहा. मरण्यापूर्वी जड काठीतली तलवार उपसून वार करतात आणि तिचे तुटलेले पाते इरेनाच्या शरीरात राहते. राजा जॉनच्या मूर्तीतली तलवार आणि मांजर प्रत्यक्षात एकत्र येतात ते इथे. ज्या डॉक्टरांनी ती दंतकथा निव्वळ कल्पना म्हणून उडवून लावली, त्यांच्याच हातून ती पूर्ण होते. इरेना त्यानंतर कोणावरही हल्ला करत नाही. ती जखमी अवस्थेत चालत प्राणिसंग्रहालयात जाते आणि पिंजऱ्याचे दार उघडते. शिक्षेचा हिशेब जडपुरता सरळ असेल, पण इरेनाच्या बाबतीत तो अजिबात सरळ नाही. आपल्यावरचा निवाडा ती स्वतःच अमलात आणते, आणि तो तिच्यावर लादणारे सगळे जण तोवर कुठे ना कुठे तिला सोडून गेलेले असतात.

उत्तररात्र

पुढे काय पाहावे असे कोणी विचारले तर माझा क्रम असा असेल : आधी 'द कर्स ऑफ द कॅट पीपल', कारण नावावरून वाटते तसा तो भयपट नाही. ऑलिव्हर आणि ॲलिस यांच्या एकाकी मुलीला मृत इरेना मैत्रीण म्हणून भेटते, आणि ऑलिव्हर पुन्हा एकदा घरातल्या कोणाच्या तरी सांगण्यावर विश्वास ठेवायला नकार देतो. पहिल्या चित्रपटात त्याने केलेली चूक तो मुलीच्या बाबतीत तशीच करू पाहतो, यामुळे दोन्ही चित्रपट एकमेकांना जोडून पाहिले की त्या माणसाची पूर्ण ओळख पटते. त्यानंतर 'द सेव्हन्थ व्हिक्टिम', आणि मग वाइझ यांचा 'द हाँटिंग'. शक्य असेल तर रात्री, दिवे मालवून आणि आवाज पुरेसा मोठा ठेवून पाहावेत, कारण या चित्रपटांतले निम्मे काम कानांनी करायचे आहे.